तहान शिकवणारा माळी

सोलापुरात आम्हा कारकुनांची घरं कचेरीच्या आवारातच होती. तिथला माळी कुठलंही नवं रोप आधी आठ दिवस बिनपाण्याचं उन्हात ठेवायचा. तगलं तरच लावायचा. "हितं ऱ्हायाचं तर आदी तहान शिकाय पायजे की," म्हणायचा. कण्हेर, कोरफड तगली. गोऱ्या साहेबाच्या मडमेनं हौसेनं पाठवलेले गुलाब जळाले, तर याला काही वाटलंच नाही.

माझ्या बायकोनं कोकणातून, माहेराहून अनंताचं रोप आणलं. तेही त्यानं उन्हात मांडलं. मला संताप आला. तिसऱ्या दुपारी पाहतो, तर आपल्या तांब्यातलं प्यायचं पाणी तो त्याच रोपाला घालत होता.

"आणि तुझा नियम?"

तो वर न बघताच म्हणाला, "बाई शिकल्या की हितली तहान. आता त्यांच्या म्हायेरच्या रोपालाबी शिकवायची व्हय?"