अंतराळवीराची अंगठी आणि आमची मावशी

सुरुवातीलाच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव अकोल्याच्या मोर्णा नदीत सोडले. त्यांच्यामागोमाग भुतंही गेली असावीत, कारण नंतर आमच्याकडे कोणाला काही दिसलं नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय...

मी अमरावतीचा. माझ्याकडे हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं, लायसन्स आहे. अंतराळ स्थानकावर महिनोन्‌महिने राहणारी देशोदेशीची मंडळी फावल्या वेळात आमच्यासारख्यांशी बोलतात. उन्हाळ्यात मी अकोल्याला, जुन्या शहरात मावशीकडे गेलो होतो. मावशी विज्ञानाची रिटायर्ड शिक्षिका. संध्याकाळी ती गच्चीवर वाळलेल्या कुरड्या गोळा करत होती आणि मी अँटेना आभाळाकडे धरून उभा.

"माह्या कुरड्यायवर पाय नको देऊ!"

तेवढ्यात आवाज आला. इटलीचा अंतराळवीर! मी विचारलं, कसे आहात? बिचारा रडकुंडीला आलेला. "लग्नाची अंगठी हरवलीय. इथं वस्तू खाली पडत नाही, तरंगत कुठंही जाते. आता घरी परतायचंय, बायकोला काय सांगू?"

मावशी मान वर न करता म्हणाली, "त्याले म्हण, त्या जपानवाल्या बाईच्या मोज्यात पाह्य. राखाडी. डावा."

वर जपानची कोणी बाई आहे हे मलाही ठाऊक नव्हतं! पण घाईत मी तसंच इंग्रजीत सांगून बसलो. पलीकडून नुसती खरखर. स्थानक पुढं निघून गेलं. म्हटलं, गेली आपली इज्जत, तीही थेट अंतराळात.

पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःच मला हाक मारली. "सापडली! तिच्या राखाडी मोज्यातच. पण दुसऱ्या बाईच्या मोज्यात होती, हे बायकोला कसं सांगू?"

मावशीनं माझ्या हातातून माईक ओढला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "टेल हर द ट्रुथ, बाबू!"

वर स्थानकात त्याच्यामागून कोणीतरी ओरडलं, "माझं नेलकटरही विचार!" आणि संपर्क तुटला.

मी विचारलं, "मावशी, तुले कसं कळलं?"

तिचा चेहरा उतरला होता. "मले काय माहीत? त्या दिवशी तो बोलून राह्यला, अन् माहे पायच जमिनीले टेकत नोते. लय मळमळलं. कानात पंख्यासारखी घरघर..."

दुसऱ्या दिवशी ती कानाच्या डॉक्टरकडे गेली. कान ठणठणीत.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही, तिलाही नाही. फक्त आता स्थानक अकोल्यावरून जायची वेळ झाली की मावशी खोलीत येते आणि पलंगाचा दांडा घट्ट धरून बसते.

"मावशी, तू विज्ञान शिकवलं ना?"

"शिकवलं," ती म्हणते. "पण धरून बसलेलं बरं."