तारवाले नाना

तारवाले नाना कुणाच्याही घरी गेले की यजमानांच्या आधी कपाटाच्या पाठीला भेटत. समोर नवाकोरा ॲम्प्लिफायर झगमगत असे, त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. मागे वाकून स्पीकरच्या वायरचं टोक सोलायचे आणि तांबं हिरवं पडलेलं दिसलं की मान हलवायचे. "पयली तार बघ, मगे मशीन. हयलो खारो वारो तांबां खाता." वेंगुर्ल्यातल्या कितीतरी घरांतली खरखर त्यांनी नुसती वायर बदलून घालवली होती.

मुंबईहून निवृत्त होऊन आलेली मंडळी जत्रेला पुरेल एवढा ॲम्प्लिफायर आणत आणि त्याला दारावरच्या बेलची बारीक वायर जोडत. अशा एकाला नानांनी तोंडावर विचारलं, "तुमका ऐकूचां आसा, की थंय रेडी गावाक ऐकवूचां आसा?" मग त्याला खोलीला बेताचा, लहानसा ॲम्प्लिफायर घ्यायला लावला आणि जाड वायर टाकली. दोन्ही स्पीकरना अगदी सारख्या लांबीची, एक स्पीकर ॲम्प्लिफायरला चिकटून असला तरी. हे शेवटचं मला कधी पटलं नाही, पण वाद घालायचाही मला कंटाळा.

शाळा सुटली की ते मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. दिवसभर वर्गात घसा फोडून आलेला मी, मला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं असे. जोडणी झाली की नाना भजन लावत, मला खोलीच्या मधोमध बसवत आणि विचारत, "मास्तर, कसां लागता? खरां सांग." सुरुवातीला मी कान देऊन ऐकायचो. झांज बोचते, आवाज डावीकडे कलतो, असं सांगायचो आणि ते तसं दुरुस्त करायचे. पुढे पुढे मी पायात चपला सरकवतच म्हणू लागलो, "बरां लागता, नानानु."

मग गेल्या दिवाळीत माझ्याच घरची पाळी आली. नानांच्या हातून एका स्पीकरच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या. गाणाऱ्याचा आवाज कुठेतरी भिंतीत विरला आणि मृदंगाचा घुमारा तर गेलाच. एरवी नानांनी हे दारातूनच ओळखलं असतं. पण त्यांनी मला विचारलं, "कसां लागता?" त्यांचा चेहरा इतका दमलेला होता की मी म्हणालो, "बरां." ते गेल्यावर मीच तारा बदलल्या.

चार दिवसांनी ते चहाला आले. सवयीने कपाटामागे वाकले आणि तिथेच थांबले. जोडणी आपल्या हातची नाही, हे त्यांनी ओळखलं.

"कित्याक सांगलंस नाय?"

"तुमका वायट वाटात म्हणान..."

"माका धड ऐकाक येणा नाय, मास्तर. दोन वर्सां तुझ्या कानांनी काम करतंय मी."

चहा तसाच ठेवून ते गेले. त्यानंतर त्यांनी कुणाच्या घरी तार ओढली नाही. माझ्या घरी बोललेलं ते खोटं मायेपोटी तरी होतं. पण कंटाळून म्हटलेल्या त्या सगळ्या 'बरां'ची मला लाज वाटते.

जिथे जिथे मी असं 'बरां' म्हटलं, त्या घरी आता शाळा सुटल्यावर मी एकेक करून जातो. नानांनी पाठवलंय, असं सांगतो. पहिल्या घरी आवाज खरंच छान होता. दुसऱ्या घरी झांज कानात टोचत होती. तिथल्या वहिनी वर्षभर तेच भजन तसंच ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "नानांनी लावल्यानी म्हणजे बरोबरच आसतला. माका वाटलां, माझेच कान बिघडले."