बाय

समोरच्या खिडकीतली छोटी मुलगी आईची रिक्षा वळून गेली तरी हात हलवतेच आहे. "बाय, बाय."

मूळचं इंग्रजी वाक्य 'देव तुझ्याबरोबर असो' असं होतं. बोलून बोलून झिजलं, 'गुडबाय' झालं, मग नुसतं 'बाय' उरलं.

माझी आई कोकणात एकटी राहायची. मी फोनवर घाईघाईने "बाय" म्हणायचो. तिकडे लाडक्या लेकीला बाय म्हणतात. ती हसायची, "मेल्या, मी आई तुझी. बाय कुणाला म्हणतोस? आणि ऐक, जपून राहा हो, देव तुझ्या..." तेवढ्यात मी फोन ठेवलेला असायचा.

आता आई नाही. झिजलेलं ते वाक्य ती मला रोज सबंध सांगत होती, आणि मी रोज ते मध्येच तोडत होतो.