आईंच्या खोलीची भिंत

घरात काम काढलं की सामान येण्याआधी किस्से येऊ लागतात. दुर्गाघाटच्या आमच्या घरात तर एकच भिंत घालायची होती. सुधा, माझी बायको, गेली त्याला वर्ष झालं. तिची आई माझ्याकडेच असते. गुडघ्यांमुळे आईंना आता जिना चढवत नाही, म्हणून खालच्या बैठकीत जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घालून त्यांना वेगळी खोली करून द्यायची होती. मी दिवसभर कॉलेजात, त्या घरी एकट्या. भिंत कोणीही घातली असती. घर ज्याच्यावर टाकून जावं, असा माणूस हवा होता.

*

शेजारच्या वामनरावांनी लगेच एक ठेकेदार सुचवला. "एकदम भरवशाचा!"

"तुमच्याकडे काम केलंय त्यानं?"

"माझ्याकडे नाही, मेहुण्याकडे. त्या दोघांचं आता बोलणं बंद आहे. पण भिंत सरळ आहे हो!"

*

दुसरा घरी आला. खोलीकडे न बघता मोबाइलवर हॉटेलांच्या सीलिंगचे फोटो दाखवत राहिला. मग म्हणाला, "बाबूजी, महीना भर माताजी को कहीं भेज दीजिए. धूल उड़ेगी."

आई कॉटवरून म्हणाल्या, "मला पाठवून दिल्यावर हा भिंत कोणासाठी घालणार आहे?"

*

तिसरा सोमवारी येणार होता. गुरुवारी मी फोन केला. "बस, घाट की सीढ़ी पर हूँ, दो मिनट!" मागे गाडी प्लॅटफॉर्मवर येत असल्याची घोषणा चालली होती. फोन स्पीकरवर होता.

आईंनी विचारलं, "आपल्या घाटावर रेल्वे कधी सुरू झाली?"

*

शेवटी कॉलेजात काम करताना पाहिलेल्या शिवपूजन मिस्त्रीला बोलावलं. टेप काढण्याआधी त्यानं आईंना विचारलं, "माताजी, किस करवट उठती हैं?" दरवाजा त्याच बाजूला धरला. मग गल्लीचं वळण मोजून आला. "पूरा बोर्ड नहीं घूमेगा. आधा कटवाकर लाऊँगा. जोड़ थोड़ा दिखेगा, पहले ही बता दे रहा हूँ."

दुसऱ्या दिवशी मी त्याला किल्ली दिली.

*

बोर्ड नावेनं घाटावर आले. पांढऱ्या चादरीत गुंडाळून चौघांनी खांद्यावर घेतले. गल्लीत लोक बाजूला होऊन हात जोडू लागले. पानवाल्यानं हळूच विचारलं, "कौन थे?"

"दीवार है, भैया!"

सगळे हसले. पण पुढची खेप शिवपूजननं चादर काढून, बोर्ड उभे धरून आणवली. मी कारण विचारलं.

"माताजी खिड़की में बैठी हैं."

*

दोन बोर्डांच्या मध्ये आवाज अडवणारी लोकर भरायची ठरली होती. भिंतीच्या अलीकडे मी झोपतो, माझ्या खोकल्यानं आईंची झोपमोड नको, असं मी त्याला सांगितलं होतं. काम संपलं त्या संध्याकाळी मी भिंतीवर टकटक केली. पोकळ! लोकरीचा गठ्ठा जिन्याखाली न फोडलेला पडला होता.

"शिवपूजन, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तो मान खाली घालून म्हणाला, "गलती हो गई, बाबूजी."

भिंतीपलीकडून आईंचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "त्याला बोलू नका, माधवराव. मीच नको म्हटलं. तुमचं रडणं थांबलं की मग भरा."