सोपान पेंटरचा पाहुणा

सकाळी पावणेसातला पूनमचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "सर, सोपानकाका गेले..." ती म्हणाली. ती कामासाठी नगरला गेली होती, राहात्याला पोचायला तिला दोन तास लागणार होते. "तुम्ही लगेच जा. पाहुणा दारात आडवा पडलाय म्हणे, कोणाला उंबरा ओलांडू देत नाहीये." पाहुणा म्हणजे सोपानचा कुत्रा. मी चहा तसाच ठेवून निघालो. मागच्या दारानं डॉक्टर आत जाऊन आले होते, झोपेतच हृदय थांबलं असं म्हणाले. माणसं जमली होती, बांबू आले होते. पण तिरडी पुढच्या दारानंच निघायची, आणि पुढच्या दारात तो तांबूस, पिकल्या तोंडाचा कुत्रा पंजांवर हनुवटी टेकून पडला होता. कोणी पाऊल पुढं टाकलं की नुसते दात दाखवायचा. कोणी भाकरी टाकली, कोणी काठी आणली, कोणी "ए पाहुण्या, ऊठ बाबा" म्हणून बघितलं. त्याला उठवणारा एक शब्द मला माहीत होता. मी तो उच्चारला नाही. पूनम येईपर्यंत, पावणेदोन तास, मी गर्दीत हात बांधून उभा राहिलो. सोपानची भाची सुप्याहून यायची होतीच, तसंही थांबायचंच होतं, अशी मी माझी समजूत घालत होतो.

सोपान आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी शाळामास्तर झालो आणि तो पेंटर. राहाता-शिर्डी रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या एके काळी त्याच्या हातच्या होत्या. लॉज, खानावळी, हारफुलांची दुकानं, पेरूचे स्टॉल. पत्रा घासायचा, अस्तर मारायचं, दोऱ्यानं रेघा आखायच्या आणि मग श्वास रोखून अक्षर. पाटी वाळायला ठेवली की तिच्या मागे खडूनं गिऱ्हाइकाचं नाव लिहायचा, म्हणजे एकाची दुसऱ्याकडे जाऊ नये. शिर्डीला आंध्र-तेलंगणातून येणारी माणसं लई, म्हणून लॉजवाले तेलुगू पाट्याही करून घ्यायचे. सोपान कागदावरचं बघून ती गोलगोल अक्षरं अशी काढायचा की तेलुगू माणूस थांबून बघायचा. तीस वर्षं तेलुगू रंगवली, पण त्यातला एक शब्दही त्याला कळत नव्हता. मी त्यावरून त्याची भरपूर चेष्टा केली आहे. तो म्हणायचा, "मास्तर, तू वाचतोस म्हनून तुला वळन दिसत न्हाई. मी वाचत न्हाई, म्हनून मला दिसतं." मग फ्लेक्स आले, आणि ब्रश डब्यात वाळून गेले.

त्याची बायको कमलवहिनी गेल्यावर मात्र तो एकदम आटला. मूलबाळ नव्हतं. मी संध्याकाळी फिरायला जाताना डोकावलो तर दिवा न लावता बसलेला असायचा. माझीही गत फार निराळी होती असं नाही. माझी मुलगी बंगळुरूला, बायको जाऊन सात वर्षं झालेली. पण मला दुसऱ्याला उपदेश करायची जुनी खोड. मी ठरवलं, सोपानला सोबत हवी. नगरच्या एका माणसाकडे लॅब्राडोरची पिल्लं होती. मी एक सांगूनही ठेवलं, आणि ही आनंदाची बातमी द्यायला त्याच्याकडे गेलो.

तो नेमका त्याच आठवड्यात पूनमच्या आवारात पाटी रंगवायला जात होता. पूनम ही आमच्याच गावची, माझीच विद्यार्थिनी. रस्त्यावरची, कोणी टाकलेली, गाडीखाली आलेली कुत्री ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सांभाळते आणि चांगलं घर दिसलं तर देते. तिला फ्लेक्स नको होता, हाताची पाटी हवी होती. सोपान मला म्हणाला, "पिल्लाचं ऱ्हाऊ दे. चल, तुला एक जन दाखवतो." फाटकाशी एक कुत्रा रस्त्याकडे तोंड करून बसला होता. एक कान फाटलेला, तोंडावरचे केस पिकलेले. शिर्डीतल्या एका लॉजच्या पार्किंगमध्ये तो महिनाभर प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे धावत होता. कोणी सोडून गेलं की चुकून मागे राहिला, कोणालाच सांगता येईना. दातांवरून डॉक्टरांनी सहा-सात वर्षांचा ठरवला होता. आठ महिन्यांत त्याला कोणी नेलं नव्हतं.

"अरे, मोठ्या कुत्र्याला माणसाचा लळा लागत नाही," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या सवयींचं असतं ते. पिल्लू कसं, आपण वळवू तसं वळतं."

"पिल्लाला गिऱ्हाइकं हायती की. ह्याला कोन हाय?" सोपान म्हणाला. मग ब्रश पुसत हळूच म्हणाला, "आन् हे बघ. मी सदुसष्ट वर्सांचा. पिल्लू आनलं तर ते मागं ऱ्हानार. ह्याचं नि माझं बराबर जमतंय. दोघं संगंच म्हातारं हू. कुनी कुनाची वाट बघायला नको."

त्याचा हा हिशेब मला त्या दिवशी विनोदी वाटला होता.

नावही त्यानंच ठेवलं. त्याची माणसं कधीतरी परत येतील, तोवर हा आपला पाहुणा. माणसं आली नाहीत, नाव राहिलं. पण पहिले काही दिवस कठीण गेले. हाक मारली तरी कुत्रा मान हलवत नसे. सोपान पाठीमागून ताट वाजवी, टाळ्या वाजवी, तर नुसता दचके. पण "ये", "बस", "खा" म्हटलं की ढिम्म. आम्ही दोघांनी मिळून निदान केलं, की याला आवाज कळतो, पण डोकं अधू आहे. गाडीचा धक्का बसला असणार. मी तर "बघ, सांगितलं होतं" असं दोनदा म्हणूनही घेतलं.

मग सोपान त्याला घेऊन शिर्डीला गेला. शांताबाई फुलवाल्यांची जुनी पाटी पुन्हा रंगवायची होती. शांताबाई दिवसभर तेलुगू गिऱ्हाइकांशी बोलून बोलून पक्क्या झालेल्या. त्यांनी एका बाईला हाक मारली, "रा अम्मा, रा!" आणि गटारीच्या कडेला पडलेला पाहुणा ताडकन उठला, शेपूट हलवत थेट त्यांच्या पायाशी जाऊन उभा राहिला. शांताबाई हसून म्हणाल्या, "अहो पेंटर, याला काय येडा म्हन्ता? याला मराठी येत न्हाई!"

सोपान त्या संध्याकाळी माझ्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "नऊ म्हैनं मास्तर... नऊ म्हैनं त्येच्याशी त्येच्या घरचं कुनी बोललंच न्हाई. आन् आमी त्येला येडा ठरवला." शांताबाईंकडून तो तीन शब्द शिकून आला होता. रा म्हणजे ये. कूर्चो म्हणजे बस. तिनु म्हणजे खा. तीस वर्षं ज्या भाषेची अक्षरं काढली, तिचे तीन शब्द त्याला एका कुत्र्यासाठी कळले. त्या दिवशी पाहुण्यानं वाडगं चाटूनपुसून साफ केलं.

आपली मराठीही त्याच्या कानावर पडावी म्हणून सोपाननं आणखी एक गोष्ट सुरू केली. रोज सकाळी पायरीवर, पाहुण्याकडे पाठ करून बसायचं आणि पेपर मोठ्यानं वाचायचा. आधी बाजारभाव, मग निधनवार्ता, मग उरलेलं. "तोंड करून बसलं की त्येला भ्या वाटतं," तो सांगायचा. "पाठ दिसली की हळूहळू जवळ येतं. पर वळून बघायचं न्हाई. वळून बघितलं की थांबतंय." अठराव्या दिवशी पाहुण्यानं त्याच्या पाठीला पाठ लावली. पुढे दोन वर्षं ही बैठक एक दिवस चुकली नाही. मराठी त्याला कळायला लागली, पण महत्त्वाच्या वेळी सोपान "रा"च म्हणायचा. आणि त्या शब्दाला तो कुठूनही यायचा.

गेल्या हिवाळ्यात सोपानच्या छातीत दोन वेळा कळ आली. एकदा आम्ही पायरीवर बसलो होतो. पाहुणा मध्ये झोपला होता. सोपान म्हणाला, "मास्तर, माझं काय झालं तर ह्याला तू नेशील का?" भाचीकडे भाड्याच्या दोन खोल्या, घरमालक कुत्रं ठेवू देत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "छे बाबा, मला माझंच होत नाही. कुत्र्याबित्र्याचं मला जमणार नाही." तो "बरं" म्हणाला आणि पाहुण्याच्या फाटक्या कानामागं खाजवत राहिला. पुन्हा हा विषय त्यानं काढला नाही.

आता कळलं असेल, त्या सकाळी मी गप्प का राहिलो. मी "रा" म्हटलं असतं तर तो माझ्याकडे आला असता. आणि आला असता तर माझा झाला असता. म्हणून माझा मित्र आत वाट बघत पडलेला असताना मी तोंड मिटून उभा राहिलो. शेवटी पूनम आली, पट्टा लावून, रडत रडत त्याला ओढत घेऊन गेली. जाताना त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. मी चपला शोधायचं नाटक केलं.

पुढचे पाच आठवडे मी पूनमच्या गल्लीतून गेलो नाही. माझं घर इतकं मोठं आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जाणवलं. फिरायला निघालो की पाय सोपानच्या दाराशी थांबत, दाराला कुलूप. मग सोपानची भाची खोली आवरायला आली आणि जाताना माझ्याकडे पेपरात गुंडाळलेलं काहीतरी देऊन गेली. "मामांच्या खाटेखाली हुतं. तुमचं हाय." पत्र्याची वीतभर पाटी होती. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, काळ्या सावलीसकट. तेलुगूत तीन शब्द, खाली मराठीत उच्चार, त्याखाली अर्थ. रा, ये. कूर्चो, बस. तिनु, खा. कोपऱ्यात नेहमीसारखं 'सोपान पेंटर, राहाता'. मी पाटी उलटी केली. मागे खडूनं लिहिलं होतं, 'मास्तर'.

मी नाही म्हटल्यानंतर त्यानं ती रंगवली होती. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय त्यानं कधी खडू हातात घेतला नाही.

मी तसाच उठून पूनमकडे गेलो. पाहुणा पुन्हा फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून बसला होता. बरगड्या दिसत होत्या. "खातच नाही सर," पूनम म्हणाली. मी फाटकाबाहेर उभा राहिलो. पाच-सहा माणसं बघत होती, आणि मला लाज वाटत होती, पण त्यांची नाही, कुत्र्याची. "रा," मी म्हणालो. तो उठला नाही, नुसता कान हलला. मी पुन्हा म्हणालो. तो उठला, चार पावलं आला, माझ्या हाताचा वास घेतला आणि माझ्या मागं रस्त्याकडे बघत राहिला. मग पट्टा न लावता माझ्याबरोबर चालू लागला.

त्याला माझ्या घरी येऊन बारा दिवस झाले. पाटी स्वयंपाकघरात, वाडग्याच्या वर लावली आहे. "तिनु" म्हटलं की खातो, निम्मं ठेवतो. दाराशी झोपतो. मी रोज सकाळी पायरीवर त्याच्याकडे पाठ करून बसतो आणि पेपर वाचतो. माझा आवाज सोपानसारखा नाही, शाळेत धडा घेतल्यासारखा येतो. अजून तो जवळ आलेला नाही. चार-पाच हातांवर थांबतो.

माझं हे लिखाण छापलेली पेपरची पुरवणी हातात येईल त्या सकाळीही मी असंच वाचीन, मोठ्यानं, आधी बाजारभाव, मग निधनवार्ता. मग हे पान येईल. यात सोपानचं नाव सगळीकडे आहे. ते पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं की मागे फरशीवर पाहुण्याच्या नखांचा आवाज होईल, एवढं मला माहीत आहे. तेव्हा मला पुढचं वाचता येईल की नाही, सांगता येत नाही. पण मी वळून बघणार नाही.