उजव्या नाकपुडीतली चमकी

आमच्या मळ्यातून वाशीम दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागला की दुपारी भोंगा बांधलेला टांगा आमच्या पांदणीपर्यंत यायचा. त्यातला माणूस घसा ताणून ओरडायचा, ‘आज शेवटचा खेळ! आज नाही तर कधीच नाही!’ हा शेवटचा खेळ पंधरवडाभर चालायचा. आम्हाला ते ठाऊक होतं, तरी रोज जीव खालीवर व्हायचा. माझी मोठी बहीण, ताई, वांग्याच्या वाफ्यात ताठ उभी राहायची.

“माय, आज शेवटचा हाय म्हणते तो.”

“कालही शेवटचाच होता. वांगे तोड.”

बाजाराच्या दिवशी मात्र माय नरमायची, तेही भाजी संपली तरच. त्यामुळे त्या दिवशी आम्ही दोघी बहिणी गिऱ्हाइकाशी इतक्या गोड बोलायचो की मायलाच संशय यायचा. ताई तर मेथीची जुडी हातात देताना वर एक मूठभर कोथिंबीर टाकायची. टोपल्या रिकाम्या झाल्या की त्या पालथ्या घालून बसायला आम्ही तंबूत घेऊन जायचो. आमच्या खुर्च्या त्याच.

तंबूत पडदा मधोमध बांधलेला असायचा. पुढच्या बाजूला पुरुष, आणि मागच्या बाजूला आम्ही बायका-पोरी. लग्नात पंगती वेगळ्या तशा इथं बाजू वेगळ्या, त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. खेळ सुरू होण्याआधी एक माणूस शिडी लावून पडद्यावर पाणी मारायचा, म्हणजे चित्र आमच्या बाजूलाही स्वच्छ उमटायचं. आणि काय उमटायचं! ओल्या कापडाचा वास, पाण्याचे थेंब, आणि त्यातून आमच्याकडे बघणारी ती एवढ्या मोठ्या तोंडाची देखणी माणसं. अजूनही ओलं धोतर वाळत घातलेलं दिसलं की माझा पाय अडखळतो.

मागून बघितलं की सगळं उलटं दिसतं, डाव्याचं उजवं होतं, हे आम्हा बायकांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. का यावं? आम्ही पुढून कधी बघितलंच नव्हतं. सिनेमातला नायक डाव्या हातानं जेवायचा. ‘मायनं शिकवलं नाई वाटते मेल्याले,’ म्हणून बायका नाकं मुरडायच्या आणि लगेच त्याच्या दुःखात रडायच्या. नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर असायचा, तर ती मारवाड्याची असेल असं ठरायचं. मी तेव्हा शाळेत जात होते, वाचायला येत होतं, पण सुरुवातीला येणाऱ्या नावांतलं एक अक्षर लागायचं नाही. उर्दू उजवीकडून लिहितात असं गुरुजींनी सांगितलं होतं. ते सगळं उर्दूच असणार, असं मी ठोकून दिलं आणि मायनं ते शेजारणींना अभिमानानं सांगितलं.

त्या वर्षी एक चित्रपट आला. नाव मी सांगत नाही, नावाशी आपल्याला काही करायचं नाही. त्यातल्या नायिकेच्या नाकात एकच बारीक चमकी होती. ती हसली की चमकी लुकलुकायची, रडली की त्याहून जास्त. ताईचा सगळा जीव त्या चमकीत अडकला. तिचं नाक लहानपणी टोचलं होतं, पण ते पिकलं आणि छिद्र बुजून गेलं. आता ती लग्नाला आली होती, नाक पुन्हा टोचायचंच होतं. माय बाजारात भाजी घेऊन बसली आणि तिनं आम्हा दोघींना सोनाराकडे पाठवलं.

सोनारानं तार तापवली आणि सवयीनं ताईची डावी नाकपुडी धरली. ताईनं तोंड फिरवलं.

“काका, उजवी.”

“उजवी कायले? आपल्यात डावी टोचतात बाई.”

“पिक्चरमंधल्या बाईची उजवी हाय. इले विचारा.”

मी छातीठोकपणे सांगितलं, “हो, उजवीच हाय.” सोनार तार पुन्हा विस्तवावर धरत म्हणाला, “जमाना बदलून राह्यला, आपलं काय जाते.” आणि टोचलं.

मायनं कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगते, ताईला ती चमकी इतकी शोभली की रागावताना मायचाही आवाज मध्येच उतरायचा. टांग्यावरच्या फळ्यावर रंगाऱ्यानं त्या नायिकेचं चित्र काढलं होतं, त्यात चमकी डाव्या बाजूला होती. मी ते दाखवलं तर ताई म्हणाली, “रंगाऱ्याले काय समजते? त्यानं पिक्चर पाह्यलं तरी असन का?” ताईशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. ती हसली की आपण हरलेलेच असायचो.

पण सोयरिकीला हसून चालत नाही. पहिली पाहायला आलेली माणसं नाकावरून परत गेली. उजवं नाक म्हणजे काहीतरी खोट, अशी कुजबुज झाली. मायच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरं स्थळ रिठदचं होतं, शेतकरी घर, मुलगा कामाचा. बाबा म्हणाले, हे गेलं तर आता या भागात कुणी येणार नाही. मायनं ताईचा पदर इतका पुढं ओढला की तिला पोह्यांची ताटली कुठं ठेवायची ते दिसेना.

मुलाची आई ठणठणीत बाई होती. तिनं ताईजवळ बसून पदर सरळ मागं सारला, हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं आणि बघतच राहिली.

“हे नाक उजव्यानं काहून टोचलं वं माय?”

मायनं डोळे मिटून घेतले. ताईनं मात्र घाबरत घाबरत खरं तेच सांगितलं. “पिक्चरमंधल्या बाईचं पाहून, आत्याबाई.”

“कोणती? ते पाण्यात दिवा सोडते ते?”

“हो.”

ती बाई एकदम खुलली. “अवं, त्याच बाईची ना! रिसोडच्या जत्रेत पाह्यलं मी. उजव्याच बाजूनं होती. मी तवाच म्हटलं, काय गोड दिसून राह्यली.”

ओसरीवरून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. “डाव्या बाजूनं होती ते. मी पाह्यलं ना, म्होरंच बसलो होतो.”

“तुमी जागे होते का? घोरणं तर पडद्याच्या पल्याड आमाले ऐकू येत होतं.”

बाबा हसले, मग मुलगा हसला, आणि मग हसू आवरेचना. डावं की उजवं हा वाद तिथंच सुटला असता. पुरुष पुढून बघतात आणि बायका मागून, एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणीच म्हणालं नाही. मुलाची आई उठताना ताईच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “पोरगी आमची.”

लग्न झालं. सासरी जायला निघताना ताईनं माझ्या गळ्यात पडून रडायचं सोडून कानात सांगितलं, “आपण दोघी एकडाव म्होरून पाहू. मंग समजन कोन खरं ते.” मी मान हलवली.

त्यानंतर मळ्यात मला करमेना. वाफे तेच, विहीर तीच, पण टांगा यायचा तेव्हा मान वर करणारं कुणी नव्हतं. मी एकटीच मायला म्हणायचे, ‘आज शेवटचा हाय,’ आणि माय ‘वांगे तोड’ म्हणायचीही नाही. ती दुसरीकडे बघायची. मी रिठदच्या वाटेकडे बघायचे, कारण ताई सणाला यायची. आली की आम्ही ठरवायचो, या खेपेला पुढून. पण पुढं सगळी पुरुषांची गर्दी, आणि तिच्यासोबत सासरचं कुणी ना कुणी. पुढच्या खेपेला, असं म्हणून ती जायची.

पुढच्या एका खेपेला ती बाळंतपणाला आली. तंबू लागलेला होता, भोंगा ऐकून ती खाटेवरून हसली. “पोरगं झालं का त्याले घेऊनच जाऊ,” म्हणाली. बाळंतपणात तिला ताप चढला आणि तो उतरला नाही. मूलही राहिलं नाही. तिला न्यायच्या आधी तिची सासू, आत्याबाई, आल्या. सुनेच्या नाकातली चमकी काढायला लागते म्हणाल्या, आणि त्यांचाच हात चालेना. शेवटी मायनं काढली.

काही वर्षांनी गावात पत्र्याचं थिएटर झालं. पडद्यामागं भिंत होती. बायकांना पुढं बसायला कठड्याआड वेगळी जागा होती. तंबूतले जुने चित्रपट तिथं पुन्हा यायचे, आणि एकदा तोच आला. माझं लग्न झालेलं होतं, मी सासूबाईंसोबत गेले. पहिल्यांदाच पुढून बघत होते. अक्षरं लागली. नायक उजव्या हातानं जेवला. आणि ती आली, हसली, तर चमकी डाव्या बाजूला.

माझ्या तोंडून निघून गेलं, “ताई, तुझे सासरे खरं म्हणत होते वं!” सासूबाईंनी वळून बघितलं. पुढचं चित्र मला दिसलंच नाही. ज्या बाईसाठी मी आले होते ती या बाजूला नव्हतीच. ही कुणी परकी, सुंदर बाई होती. मला उठून मागं जावंसं वाटत होतं, आणि मागं भिंत होती.

घरी आल्यावर तोंड धुतलं आणि कुंकू लावायला खुंटीवरचा आरसा घेतला. लोक म्हणायचे मी ताईसारखी दिसते, मला ते कधी पटलं नव्हतं. माझं नाक रीतीप्रमाणे डावीकडून टोचलेलं. त्यात ताईचीच चमकी होती, मायनं ती माझ्या लग्नात मला घातली होती. आरशात मात्र ती उजव्या बाजूला लुकलुकत होती.

मी खूप वेळ कुंकू लावलं नाही. तीही तिकडून बघत राहिली.