बी डिव्हिजनला पैकीच्या पैकी

आमच्या कॉलेजात पीएचडी करणारे बहुतेक जण नावाआधी 'डॉ.' लागावं म्हणून करतात. संघरत्नाला खरंच काहीतरी शोधून काढायचं होतं. अशा माणसाचं आपल्याकडे काय होतं, ते मी स्टाफरूममध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिलं. मी रसायनशास्त्र शिकवते. तिच्या विषयातलं मला कमी कळतं, पण राग मात्र मला तिच्यापेक्षा जास्त येतो.

संघरत्ना जवळच्याच शेलार गावची. याच कॉलेजात केसरीनाथ सरांच्या हाताखाली फिजिक्स शिकली आणि याच कॉलेजात शिकवायला आली. सर आता विभागप्रमुख. तिचं संशोधन मात्र फिजिक्समधलं नव्हतं. फिजिक्स पोरांच्या डोक्यात कसं शिरतं, किंवा का शिरत नाही, हा तिचा विषय. त्यावर लोक विचारायचे, "मग फिजिक्समध्येच का नाही केलीस?" जणू बाईंना गणित झेपलं नाही म्हणून त्या इकडे वळल्या.

तिचा प्रश्न साधा होता. दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडले तर जास्त कोणता उजळेल? बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची पोरं बिनधास्त सांगतात, पहिला. पहिला बल्ब करंट खातो आणि उरलेला दुसऱ्याला मिळतो म्हणे. पुस्तकात लिहिलंय की दोन्ही सारखेच उजळतात, करंट वाटेत खर्च होत नाही. पोरं परीक्षेत पुस्तकातलं लिहितात आणि मनात आपलंच धरून बसतात.

एकदा वर्गात धामणकर नाक्याजवळ, यंत्रमागाच्या कारखान्यावरच्या खोलीत राहणारा एक मुलगा तिला म्हणाला, "मॅडम, नीचे लूम चालू हुए की हमारा पंखा धीमा होता है. किसी ने तो करंट खाया ना?" वर्ग हसला. दुसरं कोणी असतं तर त्याला खाली बसवलं असतं. ही धावत स्टाफरूममध्ये आली. "सरलाताई, यांना कोणी चुकीचं शिकवलेलं नाही हो! यांनी हे घरी रोज पाहिलंय. पंख्याचं उत्तर दिल्याशिवाय ही पोरं माझ्यावर विश्वास का ठेवतील?"

तिथून तिने आपली पद्धत बांधली. आधी काय होईल ते सांगा, मग बल्ब जोडून बघा, मग एकमेकांशी भांडा, आणि शेवटी घरचा पंखा का मंदावतो तेही शोधा. तिच्या तासाला इतका गोंगाट असायचा की शेजारच्या वर्गातून तक्रारी यायच्या.

ही पद्धत चालते हे सिद्ध करायला तुलना हवी होती. ए डिव्हिजनला ती शिकवणार, बी डिव्हिजनला केसरीनाथ सर नेहमीसारखं शिकवणार आणि शेवटी दोन्ही वर्गांना एकच टेस्ट. ही तिची शेवटची बॅच होती. युनिव्हर्सिटीकडून मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. या वर्षी प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळ्या वर्षांवर पाणी.

टेस्ट झाली. ए डिव्हिजनमध्ये बरीच पोरं बरोबर होती, काही अजून अडकलेली होती. बी डिव्हिजनला मात्र पैकीच्या पैकी. सगळ्यांना.

त्या दिवशी तिने डबा उघडला नाही. मला म्हणाली, "म्हणजे मी उगाचच एवढा तमाशा केला. फळ्यावर लिहून देणं पुरेसं होतं." मलाही तसंच वाटत होतं.

टेस्टनंतर काही मुलांशी बोलणं हा तिच्या संशोधनाचाच भाग होता. बी डिव्हिजनमधून तिने रियाला बोलावलं. रियाने बल्बचं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. मग संघरत्नाने विचारलं, "आणि मध्ये तिसरा बल्ब लावला तर?"

"ते नव्हतं, मॅडम."

"कशात नव्हतं?"

"सरांनी लिहून दिलेलं ना, त्याच्यात. टेस्टच्या आदल्या दिवशी सरांनी सगळं करून घेतलं आमच्याकडून."

रियाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती की चोरटेपणा नव्हता. का असावी? आमच्याकडे पेपर बाहेरचा असला की वर्गाची तयारी करून घेतात. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येणार असले की रीडिंग आधी जमवून ठेवतात. याला कोणी कॉपी म्हणत नाही, पोरांची काळजी म्हणतात. संघरत्नाने विभागप्रमुखांना दाखवायची पद्धत म्हणून टेस्टचा पेपर सरांकडे आधीच दिला होता, आणि सरांनी काळजी घेतली होती.

ती सरांच्या केबिनकडे निघाली तशी मीही मागोमाग गेले. ती सरांशी भांडणार नाही याची मला खात्री होती, म्हणून मला जायचं होतं. सरांनी आधी चहा मागवला. तिने विचारलं तर त्यांचा चेहरा खुलला.

"मंग! तुला बोललो न्हाय मी. म्हटलं, पोरीची पीएचडी हाय, आपल्या पोरांनी तिला तोंडघशी पाडायला नको. एक तरी नापास हाय का बघ!"

"सर, त्यांना सगळं यायला नको होतं."

"यायला नको? शिकवायला मी हाय ना त्यांना?"

तिने शांतपणे समजावून सांगितलं, की उत्तरं पाठ करून घेतल्यावर तुलनाच बाद झाली, आणि नव्या बॅचसाठी थांबायला मुदत उरलेली नाही. सरांच्या हातातला कप हळूहळू खाली आला. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, चार शब्द सुनावता आले असते. पण हा माणूस वाईट नव्हता. संघरत्नाला एम.एस्सी.ला पाठवा म्हणून सांगायला हेच शेलारला तिच्या वडिलांकडे गेले होते. तिचा निकाल चांगला दिसावा म्हणून त्यांनी जीव तोडून मेहनत घेतली होती. आता रागवायचं तरी कोणावर?

बोलता बोलता सर सायकलच्या चेनीवर आले. चेन जिथून बघशील तिथे सारख्याच वेगाने फिरते, म्हणाले, पायडलजवळ जास्त आणि चाकाजवळ कमी असं न्हाय. करंटचं तसंच. इतकं सुरेख सांगितलं की मलाही कळलं. तेव्हा मात्र संघरत्नाचा आवाज चढला.

"हे वर्गात का नाही सांगत, सर?"

"सांगायचो. सुरवातीला सांगायचो. मंग पोरंच बोलायला लागली, सर, ते ऱ्हाऊ द्या, लिहून द्या."

तिच्या वर्गातली पोरंही अधूनमधून हेच म्हणतात, हे मला माहीत होतं.

तिने पीएचडीच्या गाइडला फोन केला तर ते म्हणाले, "एवढं काय त्यात? बी डिव्हिजनचे थोडे आकडे खाली आण. कोण बघायला येतंय?" मीही तिला तेच सांगितलं आणि आजही मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. ज्या युनिव्हर्सिटीला तिच्या कामाची पडलेली नाही, तिच्यासाठी हरिश्चंद्र कशाला व्हायचं? पण ही बाई पोरांना जमवलेली रीडिंग खोडून पुन्हा प्रयोग करायला लावणारी. "मीच आकडे जमवले तर उद्या पोरांना कोणत्या तोंडाने सांगू?" असं म्हणून तिने विषय संपवला. प्रबंध गेला नाही. नोंदणी रद्द झाली.

पुढच्या वर्षी नवी बॅच आली आणि तिने तीच टेस्ट पुन्हा ठेवली. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, आता कशाला? पीएचडी तर गेली. ती म्हणाली, "मला बघायचंय." केसरीनाथ सर म्हणाले, "या टायमाला मी पेपर बघणार पन न्हाय," आणि त्यांनी शब्द पाळला.

कॉलेज सुटल्यावर ती पेपर तपासत बसली होती. मी घरी निघाले होते, तर तिने हाताला धरून बसवलं. बी डिव्हिजनची अर्ध्याहून जास्त पोरं पहिल्याच बल्बवर अडकली होती. तिचा वर्ग खूपच पुढे होता. एकेकाने कारणं लिहिली होती, चुकतमाकत, हिंदी-मराठी मिसळून, पण स्वतःची. एका मुलीने पंख्याचंही उत्तर शोधलं होतं: करंट कोणी खात नाही, लूम सुरू झाले की लाइनीतलं व्होल्टेज उतरतं.

"सरलाताई, चालतं हो हे!" ती म्हणाली. इतक्या आनंदात मी तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मग ती पेपर सारखे करायला लागली आणि मध्येच थांबली.

"आता हे कोणाला सांगू?"

मी तिच्या हातातले अर्धे पेपर घेतले आणि वाचत बसले.